व्हर्जन तीन, आकडा दोन

हैदराबादेत हिमायतनगरला चष्म्याच्या एका दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि शहरात ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर होता. अमेरिकेत बारा वर्षं काढून परतलेल्या एका गृहस्थांनी ही कंपनी काढली होती. आम्ही त्यांना मालकच म्हणत असू. आम्ही सगळे मिळून अठरा जण. मी पुण्याहून आलेली, तेवीस वर्षांची, चिक्कडपल्लीत एका घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी.

आम्ही एक लायब्ररी लिहीत होतो. पुस्तकांची नव्हे, दुसऱ्या प्रोग्रामरांनी आपल्या प्रोग्रामात जोडून घ्यायचे तयार कोडचे तुकडे, त्यांना लायब्ररी म्हणतात. नेटवर समोरचा संगणक खरंच तो म्हणतो तोच आहे का, हे त्याचं डिजिटल सर्टिफिकेट बघून ठरवतात. आमची लायब्ररी ते सर्टिफिकेट उघडून आतलं वाचून दाखवायची. कुणाला दिलं, कुणी दिलं, कधीपर्यंत चालेल, आणि सगळ्यात आधी, ते कोणत्या व्हर्जनचं आहे.

हे वाचणारा भाग ज्यांनी लिहिला होता ते माझे वरिष्ठ. आम्ही त्यांना सर म्हणायचो. पन्नाशीला आलेले. चोवीस वर्षं एका सरकारी कारखान्यात बिनतारी यंत्रं जोडायचं आणि तपासायचं काम केलेलं. कारखाना आवरता घ्यायला लागल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरी बसून स्वतःच प्रोग्रामिंग शिकले. त्यांचं घराणं हैदराबादचंच, आजोबा निजामाच्या काळातले वकील. चिक्कडपल्लीतच माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडं ते आणि त्यांची आई असे दोघंच राहत. लग्न केलेलं नव्हतं. त्यांची मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं. ‘हो’ला ‘हौ’ आणि ‘नको’ला ‘नक्को’. मला बेटा म्हणत.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एका सर्टिफिकेटचे सगळे आकडे कागदावर छापून दिले आणि व्हर्जन शोधायला सांगितलं. मला दोन सापडलं. मी म्हटलं, दुसरं व्हर्जन.

“नक्को फसू,” ते म्हणाले. “हे शून्यापासून मोजतात. आत दोन लिहिलंय म्हणजे व्हर्जन तीन. एक लिहिलं तर दुसरं. आणि काहीच लिहिलेलं नसलं तर पहिलं.”

काहीच नसलं तर पहिलं, हे मला विचित्र वाटलं. जुन्या सर्टिफिकेटांत तो रकानाच नसतो, त्यांनी समजावलं. नसण्यावरूनच ओळखायचं. तपासणीसाठी त्यांनी काही खोटी सर्टिफिकेटं बनवून ठेवली होती. त्यांतलं पहिल्या व्हर्जनचं, सगळ्यांना प्रमाणित करणारं, त्यांनी आपल्या आईच्या नावानं बनवलं होतं. दहा वर्षं चालेल असं.

त्यांचा एक नियम होता. लायब्ररीनं आत जे लिहिलंय तेच सांगायचं. दोन असेल तर दोन. माणसांना दाखवताना ज्याला हवं त्यानं एक मिळवून तीन दाखवावं. “आपण बीचमध्ये शहाणपणा करायचा नाही,” असं ते दर वेळी म्हणत.

पुढच्या वर्षी त्यांची आई गेली. आधी दीड महिना ती अंथरुणाला खिळून होती आणि ते रजेवरच होते. कोडची मुख्य प्रत बदलायचा अधिकार फक्त त्यांना होता. बाकीचे आपले बदल त्यांच्याकडे देत. रजेवर जाताना त्यांनी आपला पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला. काही अडलं तर बघ म्हणाले. मालकांनाही ते माहीत नव्हतं.

त्यांची आई गेली त्याच आठवड्यात एका परदेशी ग्राहकाला नवी प्रत द्यायची होती. शेवटच्या तपासणीत मला पडद्यावर ‘व्हर्जन २’ दिसलं. सर्टिफिकेट तिसऱ्या व्हर्जनचं होतं. खरं तर दाखवणाऱ्या भागात एक मिळवायचं राहून गेलं होतं. तिथं दुरुस्त करायचं म्हणजे सहा ठिकाणी हात घालावा लागला असता. मी सरळ मुळाशी गेले, सरांच्या फंक्शनमध्ये एक मिळवला, पडद्यावर ‘३’ आलं आणि सरांच्या लॉगिननं ते मुख्य प्रतीत टाकलं. दुपारचे साडेतीन वाजले असतील. पाच वाजता प्रत रवाना झाली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, हे मला नीट आठवतं.

सर पंधरा दिवसांनी परत आले. डोक्यावर नुकते फुटलेले केस, गालफडं बसलेली. मी त्यांना तो बदल सांगितला नाही. लपवायचं म्हणून नव्हे. त्यांच्याकडे बघून कामाचं काही बोलवेना, आणि मग मी विसरले.

चार महिन्यांनी ग्राहकाचं पत्र आलं.

त्यांच्या प्रोग्रामात एक तपासणी होती. आकडा दोन असेल, म्हणजे व्हर्जन तीन असेल, तर सर्टिफिकेटच्या शेवटचा जादा भाग वाचायचा. या माणसाला इतरांना सर्टिफिकेट द्यायचा अधिकार आहे की नाही, ते त्या भागात लिहिलेलं असतं. आकडा दुसरा काही असेल तर सर्टिफिकेट जुनं समजून तो भाग सोडून द्यायचा. आमची लायब्ररी आता दोनच्या जागी तीन सांगत होती. त्यामुळं चार महिने तो भाग कुणी वाचलाच नव्हता. कुठलाही साधा सर्टिफिकेटधारक दुसऱ्या कुणालाही सर्टिफिकेट देऊन आत पाठवू शकत होता आणि प्रोग्राम त्याला आत घेत होता. बंद काही पडलं नाही, चूक कुठं दिसली नाही. त्यांच्या एका माणसाला चाचणी घेताना योगायोगानं हे सापडलं. कुणी त्या वाटेनं खरंच आत शिरलं होतं का, हे सांगता येत नव्हतं. ज्यांना नाकारलं त्यांचीच नोंद ते ठेवत. ज्यांना आत घेतलं त्यांची नाही.

मालकांनी आम्हाला दोघांना खोलीत बोलावलं. टेबलावर बदलांच्या इतिहासाचा कागद होता. तारीख, वेळ, सरांचं लॉगिन.

मला वाचायच्या आधीच सगळं आठवलं. आता बोलायचं, असं मी मनात म्हणत होते, आणि सरांनी कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ ते बघत राहिले. मग माझ्याकडे एकदा बघितलं.

“माझ्या लॉगिननं गेलंय,” ते म्हणाले. “म्हणजे मीच केलं असणार. त्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.”

मालकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी गप्प बसले. एवढंच मी केलं. खोटं एक अक्षर बोलले नाही.

महिन्याभरात सरांनी कंपनी सोडली. मालकांनी काढलं नाही. त्यांना फक्त त्या भागावरून हलवलं होतं. त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. निरोपाला मालकांनी मिठाई मागवली होती. सरांनी पेढा हातात धरून ठेवला आणि जाताना तो तसाच कागदात गुंडाळून टेबलावर ठेवला. मला म्हणाले, आता तो भाग तू बघ, तुला येतं.

मी मनाशी ठरवून टाकलं की त्यांनी मला वाचवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं ना. पासवर्ड कुणाकडे होता हे त्यांना ठाऊक होतंच. ते सगळं समजून माझ्यासाठी गप्प बसले, एवढे ते मोठ्या मनाचे. दोन वर्षं मी या समजुतीवर काढली. पुण्याला गेले की आईला सांगायचे, असे एक सर होते, देवमाणूस. का देवमाणूस, ते सांगत नसे.

पण ऑफिसात मला चैन नव्हतं. मी त्यांच्याच खुर्चीवर बसत होते. त्यांची प्रत्येक फाइल उघडली की वर त्यांचं नाव. रोज सकाळी दहाला तपासणीचा प्रोग्राम चालायचा आणि पडद्यावर एकेक सर्टिफिकेटचं नाव येऊन पुढं ‘वैध’ उमटायचं. पहिलं नाव त्यांच्या आईचं. त्या बाईंना मी दोनदाच भेटले होते. एकदा त्यांनी मला ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली होती आणि पुण्यात ज्वारी मिळते का असं विचारलं होतं. आता त्या नव्हत्या, त्यांचा मुलगा ऑफिसात नव्हता, आणि रोज दहा वाजता माझ्यासमोर त्यांचं नाव येऊन त्या अजून वैध असल्याचं कळत होतं. ती फाइल काढून टाकून दुसरी बनवायला दहा मिनिटं लागली असती. मी हात लावला नाही. दहाच्या सुमारास उठून पाणी प्यायला जायची सवय मात्र लागली. पाठीमागं कुणी उभं आहे आणि पडद्याकडे बघतंय असं मला वाटायचं. वळून बघितलं तर खिडकी आणि तिच्याबाहेर समोरच्या इमारतीची टाकी. चिक्कडपल्लीत भाजी घ्यायला जाताना मी त्यांची गल्ली टाळायचे. एकदा बाजारात एक पाठमोरा माणूस बघून मी पिशवी तशीच टाकून परत फिरले. तो दुसराच कुणी होता.

मग एक मुलगी मुलाखतीला आली. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, वरंगळकडची. मी तिला सहज विचारलं, सर्टिफिकेटच्या व्हर्जनच्या रकान्यात दोन असेल तर कोणतं व्हर्जन? तिनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, तीन, आणि काहीच लिहिलेलं नसलं तर पहिलं. बीचमध्ये शहाणपणा करायचा नाही. शेवटचं वाक्य तिनं हिंदीत म्हटलं.

मी पेन खाली ठेवलं. हे कुठं शिकलीस, विचारलं. दिलसुखनगरला एका क्लासमध्ये, ती म्हणाली. तिथं एक वयस्कर सर आहेत. खूप चांगलं शिकवतात. फक्त स्वतः कधी की-बोर्डला हात लावत नाहीत. ते सांगतात आणि मुलांनी टाइप करायचं. टाइप झालेलं दोघांनी वेगवेगळं वाचून बघायचं, असा त्यांचा नियम आहे.

मी त्या शनिवारी दिलसुखनगरला गेले. बसमधून उतरल्यापासून दोन्ही बाजूंना क्लासांच्याच पाट्या होत्या, एकीवर एक. जिन्यावर मुलांच्या चपलांचा ढीग होता. सर फळ्यापाशी उभे होते. मला बघून त्यांनी मान हलवली, शिकवणं पुरं केलं, मुलं गेल्यावर बाकावर बसायला सांगितलं आणि मी जेवले का विचारलं.

मी तयारी करून गेले होते. त्यांनी माझ्यासाठी जे केलं त्याबद्दल माफी मागायची, आभार मानायचे. मी म्हटलं, “सर, तो बदल मी केला होता. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही स्वतःवर घेतलंत.”

त्यांना कळलंच नाही. कुठला बदल, असं विचारलं. मी सांगितलं. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. मला समजावल्यासारखं म्हणाले, “नाही बेटा. तो मीच केला. मला आठवतंय.”

आईचं बारावं व्हायचं होतं तेव्हा ते तासभर ऑफिसात येऊन गेले होते, ते सांगायला लागले. खिडकीपाशी बसले, यंत्र सुरू केलं, तो आकडा त्यांना खटकला आणि त्यांनी एक मिळवला. घंटेचा आवाज अजून कानात होता. हाताला चंदनाचा वास होता, तो की-बोर्डला लागला. हे सगळं त्यांना स्पष्ट दिसत होतं.

मला तो दिवस माहीत होता. ते आले होते, ड्रॉवरमध्ये राहिलेला चष्मा घेतला, माझ्याकडून पाणी घेतलं आणि उभ्याउभ्याच परत गेले. यंत्राला त्यांनी हात लावला नव्हता. आणि बदल त्याच्या आदल्या दिवशी झाला होता.

ते मला वाचवत नव्हते. मालकांच्या खोलीत त्यांनी माझ्याकडे बघितलं ते बहुतेक माझ्या मागच्या भिंतीकडं. त्या कागदावर आपलं लॉगिन बघून त्यांनी विश्वास ठेवला होता, आणि मग ज्या गोष्टी घडल्याच नव्हत्या त्या त्यांना आठवायला लागल्या होत्या. मी शेजारी गप्प बसून हे होऊ दिलं होतं.

मी पुन्हा सगळं सांगितलं, वेळेसकट, तारखेसकट. त्यांना पटेना. ते माझ्यावरच दया करत होते. त्यांना वाटलं, मी त्यांचं ओझं हलकं करायला आले आहे. शेवटी म्हणाले, तो कोड आणून दाखव.

सोमवारी मी त्या बदलानंतरचा कोड कागदावर छापून घेतला आणि संध्याकाळ व्हायच्या आत त्यांच्याकडं गेले. त्यांनी चष्मा लावला. बोटानं एकेक ओळ वाचत खाली आले. त्या ओळीपाशी बोट थांबलं.

“अधिकच्या चिन्हाला चिकटून लिहिलंय,” ते म्हणाले. “मी दोन्हीकडं जागा सोडतो. कारखान्यात तारा जोडायचो. दोन तारा चिकटल्या की जळतं. हात सोडतच नाही ती सवय.”

त्यांनी वरच्या दहा ओळी दाखवल्या. सगळीकडं जागा सोडलेली होती. मग परत खाली आले.

“हे माझं अक्षर नाही,” ते म्हणाले.

बाहेर पुढच्या बॅचची मुलं जमायला लागली होती. ते माझ्यावर ओरडतील अशी मी वाट बघत होते, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून कागदावर ठेवला.

“दोन वर्षं मी आईवर राग धरून होतो,” ते हळू म्हणाले. “तिच्यापायी माझं डोकं गेलं, माझ्या हातून असं झालं, म्हणून. तिच्या फोटोला हार घालताना पण. रोज.”

मी रडायला लागले. त्यांनी मला थांबवलं नाही आणि धीरही दिला नाही. थोड्या वेळानं मुलांना आत घेतलं. मी जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले आणि म्हणाले की तो ग्राहक केव्हाच गेला, आता कशाला उकरायचं, सरांना परत बोलावून बघ हवं तर. मी बोलावून बघितलं. सर आले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनीच ऑफिसात फोन केला. माझी विचारपूस केली आणि मग विचारलं, त्या चार महिन्यांत कुणी आत शिरलं होतं का, ते पुढं कळलं का कधी.

नाही कळलं, मी म्हटलं. कळणारही नाही.

“हौ,” ते म्हणाले. “तो विचार मी रोज करायचो. कुणाचं काय गेलं असेल, कोण असेल. आता मी नाही करणार. आता तो तुझा.”

रागानं म्हणाले नाहीत ते. एखादं काम सोपवताना म्हणायचे तसंच म्हणाले. मी बरं म्हटलं, त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर आमची भेट अशी झाली नाही. तीनेक वर्षांनी ते गेल्याचं मला त्या वरंगळच्या मुलीकडून कळलं. तेव्हा ती माझ्या हाताखाली काम करत होती. तिनं सांगितलं की शेवटच्या वर्षात सर स्वतः यंत्रावर बसायला लागले होते. मुलांना म्हणे आश्चर्य वाटायचं, इतक्या भराभर त्यांचे हात चालत. मी तिला सगळी हकीकत सांगितली. तिनं ती ऐकली आणि त्यानंतर पुष्कळ दिवस मला नेहमीसारखं जेवायला बोलावलं नाही.

मी आता पुण्यात असते. काम तेच आहे, नवी माणसं आहेत, पासवर्ड चिठ्ठीवर कुणी देत नाही. कधी पेपरात कुणाच्या खात्यात, कुणाच्या कागदपत्रांत कुणीतरी शिरल्याची जुनी हकीकत छापून येते. देश कुठला आहे ते मी आधी बघते. मग महिने बघते. बहुतेक वेळा जुळत नाहीत. एकदा जुळले होते. तो पेपर मी दिवसभर उशीखाली ठेवला, मग बाल्कनीत जाऊन पुन्हा वाचला. त्यात एका बाईंचं वय दिलं होतं, शहर दिलं होतं, आणि त्यांच्या नावानं कुणीतरी केलेल्या सह्यांमुळं त्यांना राहतं घर सोडावं लागलं एवढं दिलं होतं. ते आमच्यामुळं झालं की नाही, त्यात काहीच लिहिलेलं नव्हतं.